मशीनच्या डोळ्यासाठी दिवे : वाचकांचे प्रश्न

आमरसाच्या 850 ग्रॅमच्या डब्याच्या झाकणावर इंकजेटने छापलेली तारीख कॅमेरा वाचत नाही. रिंग लाइट (लेन्सभोवतीचा गोल दिवा) वाढवला की झाकणात पांढरी कडी उमटते. डोम घ्यावा की कोअ‍ॅक्सियल? (रत्नागिरी)

ती कडी म्हणजे तुमचा रिंग लाइटच. झाकण आरशासारखे असल्याने कॅमेऱ्याला त्यात दिव्याचे प्रतिबिंब दिसते. प्रकाश वाढवाल तेवढे तेच जास्त झगझगेल.

डोम लाइट म्हणजे आतून पांढरी असलेली पालथी वाटी. एलईडी काठाशी, वर तोंड करून बसवलेले असतात. झाकणावर पडतो तो वाटीवरून परतलेला, ढगाळ दिवसासारखा प्रकाश. कोअ‍ॅक्सियलमध्ये 45 अंशांत बसवलेली अर्धपारदर्शक काच दिव्याचा प्रकाश लेन्सच्या रेषेत खाली वळवते. त्यात सपाट भाग उजळ दिसतो, कललेला काळा. झाकणावरच्या गोल वळ्या कोअ‍ॅक्सियलखाली काळ्या रेषा होऊन थेट आकड्यांत घुसतील. शिवाय जाता-येता दोन्ही वेळा निम्मा प्रकाश काचेत गळतो, म्हणजे फार तर चौथाई हाती लागतो. तुम्ही डोमच घ्या.

झाकण सुमारे 100 मिमीचे, तर डोमचे तोंड 200 मिमीचे हवे आणि ते झाकणापासून 15-20 मिमीवर. उंच टांगलात तर कडेच्या वळ्या पुन्हा काळ्या पडतील. डोमच्या माथ्यावर कॅमेऱ्यासाठी भोक असते, त्याचा काळा ठिपका झाकणाच्या मध्यावर दिसतो. त्यामुळे तारीख मधोमध न छापता थोडी बाजूला घ्या. झाकणावर पाण्याचे थेंब असतील तर कुठलाच दिवा उपयोगाचा नाही; आधी हवेच्या झोताने ते उडवा.

कोकम सरबताच्या बाटलीतली पातळी तपासायला लाल बॅकलाइट लावला. पातळीच दिसत नाही, आणि बाटल्या फरकटल्यासारख्या येतात. (कुडाळ)

बॅकलाइट म्हणजे वस्तूच्या मागचा उजळ पडदा. कॅमेऱ्याला तिची सावली दिसते. पण कोकमाचा लाल रंग हिरवा प्रकाश शोषतो आणि लाल आरपार जाऊ देतो. लाल दिव्यासमोर सरबत पाण्यासारखे दिसणारच! 525 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवा बॅकलाइट लावा, सरबत काळे दिसेल आणि वरची रेघ स्पष्ट उठेल.

फरकटण्याचा हिशेब सोपा आहे: बाटल्या वाहणाऱ्या पट्ट्याचा वेग गुणिले एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा एका चित्रासाठी प्रकाश घेतो तेवढा वेळ. पट्टा सेकंदाला 400 मिमी आणि एक्स्पोजर 5 मिलिसेकंद असेल तर बाटली तेवढ्यात 2 मिमी सरकते. 0.2 मिमीवर आणायचे तर एक्स्पोजर 0.5 मिलिसेकंद लागेल, म्हणजे प्रकाश दहापट हवा. इथे स्ट्रोब उपयोगी पडतो: कंट्रोलर एलईडीला क्षणभर नेहमीपेक्षा कैकपट करंट देतो आणि मग गार होऊ देतो. किती करंट, किती वेळ, हे दिव्याच्या डेटाशीटवरूनच ठरवा, अंदाजाने वाढवलेत तर एलईडी जळतात. एक्स्पोजर स्ट्रोबच्या उजेडातच सुरू होऊन संपेल असे ट्रिगर (कॅमेरा आणि दिवा सुरू करणारे इशारे) जुळवा.

काजूगरावर राहिलेली साल ओळखायची आहे. निळा दिवा सुचवला गेला, पण आमचा पट्टाही निळा आहे. (वेंगुर्ले)

सल्ला अर्धा बरोबर आहे. तपकिरी साल निळा प्रकाश शोषते, पांढरा गर परतवतो. 470 नॅनोमीटरच्या निळ्या दिव्याखाली साल डागासारखी काळी दिसते. लाल प्रकाशात मात्र दोन्ही जवळजवळ सारखेच उजळ. अडचण पट्ट्याची: निळ्या प्रकाशात तोही उजळतो आणि गराची कड हरवते. लाल प्रकाशात तोच पट्टा काळा पडतो, कड सुरेख मिळते.

म्हणून दोन्ही हवेत. कृष्णधवल कॅमेऱ्याने लाल आणि निळा आळीपाळीने चमकवायचा, तर मधल्या वेळेत गर पुढे सरकतो: सेकंदाला 500 मिमीच्या पट्ट्यावर 10 मिलिसेकंदांत 5 मिमी. तेवढे चित्र सॉफ्टवेअरमध्ये मागे सरकवावे लागते, आणि गर लोळला तर तेही फसते. आमच्या मते पांढरा दिवा आणि रंगीत कॅमेरा घ्या. लाल आणि निळी दोन्ही चित्रे एकाच क्षणी मिळतात. रेझोल्यूशन थोडे कमी पडते, सालीच्या ठिपक्यासाठी ते चालते. गराची खालची बाजू मात्र एका कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही. गर उलटवून दुसरा कॅमेरा लावावा लागेल.

डार्क फील्ड म्हणजे खोली अंधारी करायची का? (लोटे)

नाही. दिवा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, साधारण 10-20 अंशांत ठेवायचा. सपाट भागावरचा प्रकाश लेन्सकडे न येता पलीकडे निघून जातो, म्हणून पार्श्वभूमी काळी. ठसा किंवा ओरखडा मात्र चमकतो. गोळ्यांच्या पट्टीवर दाबून उठवलेला बॅच नंबर असाच वाचतात. पट्टी फुगलेली किंवा सुरकुतलेली असेल तर सुरकुत्याही तितक्याच चमकतात, तेव्हा आधी ती वरून दाबून सपाट धरा.

पावसाळ्यात सकाळी पहिला अर्धा तास चित्र धूसर येते. (मिरकरवाडा)

रात्री गार पडलेल्या काचेवर दमट हवेचे दव बसते. पुसून लगेच परत बसते. कॅमेरा रात्रभर चालू ठेवा, त्याच्या स्वतःच्या उबेने काच कोरडी राहते. दव काचेच्या आतल्या बाजूला असेल तर केसिंगचे सील गेले आहे. ते बदला आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवा. दिवा आयपी67 असला तरी ती हमी धूळ-पाण्याची, खाऱ्या हवेची नव्हे. कनेक्टर 316 स्टीलचे, म्हणजे खाऱ्या हवेत कमी गंजणारे घ्या.