खोलीची किल्ली कुणाकडे होती?

गेल्या अंकात गावच्या क्रीडामंडळांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना आयर्लंडमधील गेलिक खेळांच्या क्लबांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे महामारीच्या काळाविषयी आहेत. ती एकमेकांना पूरक असल्यामुळे या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून त्यांनाच उत्तरे देत आहे.

प्रश्न : फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाचा मी सचिव आहे. माझा मुलगा नोकरीनिमित्त कॉर्कला असतो आणि त्याची दोन्ही मुले तेथील गेलिक क्लबात खेळायला जातात. तो सांगतो की तेथे प्रशिक्षकापासून गवत कापणाऱ्यापर्यंत सगळे बिनपगारी आहेत, तरीही 2020 च्या जुलैत त्यांचे सामने सुरू झाले होते. आमचा क्लब त्या मार्चमध्ये बंद पडला तो पुरती दोन वर्षे, आणि पुन्हा उघडला तेव्हा निम्मे मुलगे पांगले होते. पैसा त्यांच्याकडेही नाही आणि आमच्याकडेही नाही, मग त्यांना जे जमले ते आम्हाला का जमले नाही?

उत्तर : आपल्या पत्रातील एक समजूत आधी दुरुस्त करतो. गेलिक खेळ हौशी आहेत हे खरे, परंतु त्यामुळे त्यांची संघटना निर्धन ठरत नाही. 1884 साली थर्ल्स या गावात स्थापन झालेली गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, जिला तेथे सगळे जीएए म्हणतात, ती आयर्लंडमधील सर्वांत मोठी क्रीडासंघटना असून डब्लिनचे 82 हजार प्रेक्षक मावणारे क्रोक पार्क हे मैदान तिच्याच मालकीचे आहे. पगार मात्र खेळाडूला नाही. त्या मैदानावर रविवारी अंतिम सामना खेळलेला माणूस दोन दिवसांनी शाळेत शिकवताना किंवा गोठ्यात दूध काढताना दिसतो. क्लब बहुधा एका फिर्गजेचा, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीचा, असतो. आपल्याकडच्या वाचकांना हा शब्द याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही आणि एका फिर्गजेचे दुसऱ्या फिर्गजेशी मैदानावर काय नाते असते, हेही साष्टीत वा बार्देशात राहिलेल्यांना सांगायला नको. काठीने चेंडू मारण्याचा हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे दोन मुख्य खेळ, प्रत्येक संघात 15 खेळाडू, गोलाच्या आडव्या दांड्याखालून चेंडू गेला तर 3 गुण आणि वरून गेला तर साधारणपणे 1. खेळाविषयी एवढे पुरे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर मैदानापेक्षा क्लबाच्या कपाटात अधिक सापडते.

12 मार्च 2020 रोजी आयर्लंडच्या सरकारने शाळा बंद ठेवण्याची घोषणा केली आणि त्याच दिवशी जीएएने सर्व क्लबांचे सराव व सामने थांबवले. महिनाअखेरीस घरापासून 2 किलोमीटरपलीकडे व्यायामाला जाण्यासही बंदी आली आणि 70 वर्षांवरील नागरिकांना घरातच राहण्यास सांगण्यात आले. खेळ थांबला, पण क्लबाकडे सभासदांची यादी होती, घराघरांत ओळख होती आणि ज्यांना संध्याकाळी काय करावे हे कळेनासे झाले होते असे तरुण होते. त्यांनी वृद्धांच्या दारात किराणा आणि औषधे पोचवण्याचे काम अंगावर घेतले. क्रोक पार्कच्या आवारात तर मोटारीत बसल्या बसल्या चाचणीचा नमुना देण्याचे केंद्र उभे राहिले. आपल्याकडेही हे घडले नाही असे नाही. त्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात किराण्याची दुकानेसुद्धा बंद राहिली, तेव्हा कित्येक गावांत क्लबाच्याच मुलांनी तांदळाची पोती खांद्यावरून वाहिली. फरक पुढच्या टप्प्यात पडला.

जूनच्या आरंभी संघटनेने पुन्हा मैदानावर येण्याची नियमावली प्रसिद्ध केली. त्या नियमावलीची मला आवडलेली बाजू अशी की तिने प्रत्येक नियमामागे एक माणूस उभा केला. प्रत्येक संघाला आपला कोविड पर्यवेक्षक नेमावा लागला. तो कुणाचा तरी बाप असे, कुणाची तरी मावशी असे किंवा गुडघ्याने दगा दिलेला जुना खेळाडू असे. त्यासाठीचे छोटे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केले की तो फाटकावर उभा राही. खेळाडूने प्रकृतीविषयीची प्रश्नावली आधीच भरलेली असे आणि प्रत्येक सरावापूर्वी आपल्या स्थितीत बदल झालेला नाही असे त्याला कळवावे लागे. ज्याने कळवले नसेल त्याला फाटकातूनच परत पाठवायचे, मग तो संघाचा कर्णधार का असेना. सुरुवातीला कपडे बदलण्याच्या खोल्या बंद होत्या, त्यामुळे खेळाडू घरूनच गणवेश घालून येत, प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी असे, चेंडू पुसले जात, आणि कोण किती वाजता आला याची हजेरी लिहिली जाई, म्हणजे कुणी बाधित निघाला तर त्याच्यासोबत मैदानावर कोण होते हे शोधायला वेळ लागू नये. सराव संपला की गप्पांसाठी न थांबता घर गाठायचे. खेळणाऱ्यांना हा शेवटचा नियम सर्वांत जाचक वाटला असणार, आणि पुढे नेमका तोच मोडला.

आणखी एक गोष्ट आपल्या कार्यकारिणीत वाचून दाखवावी. संघटनेचा दुखापतीसाठी मदत करणारा निधी आहे. बंदीच्या काळात कुणी चोरून सराव घेतला आणि पाय मोडून घेतला, तर त्या निधीतून काहीही मिळणार नाही, असे क्लबांना स्पष्ट कळवले होते. हौशी खेळाडूचा पाय मोडला की त्याची नोकरीही अडते, त्यामुळे पोलिसांच्या दंडापेक्षा ही सूचना अधिक परिणामकारक ठरली असावी असे मला वाटते. सगळ्यांनीच ती पाळली असे मात्र नाही. 2021 च्या मार्चअखेरीस डब्लिनचे काही फुटबॉलपटू एकत्र सराव करताना वर्तमानपत्राच्या छायाचित्रात सापडले आणि त्यांच्या व्यवस्थापकाला 12 आठवडे निलंबित करण्यात आले.

आता स्वतःविषयी थोडे सांगतो, कारण दुसऱ्यांच्या क्लबांना शहाणपण शिकवण्याआधी ते सांगणे भाग आहे. मी ज्या क्लबाचा त्या वेळी खजिनदार होतो, त्याची एकच खोली होती आणि तिची एकच किल्ली होती. ती अध्यक्षांकडे असे. टाळेबंदीत अध्यक्ष मुलीकडे मडगावला अडकले, मग पावसाळा आला, आणि ऑक्टोबरात आम्ही दार उघडले तेव्हा जर्सींच्या गठ्ठ्यावर हिरवट बुरशीचा थर होता, चेंडू मऊ पडले होते आणि सभासदांची वही वाळवीने मधोमध खाल्ली होती. क पासून प पर्यंतची नावे गेली. ती वही हीच आमची एकमेव यादी होती. कुणाचा फोन क्रमांक काय, कोणत्या मुलाचे वय किती, कुणाची वर्गणी आली, हे सारे त्या पानांवर होते. खेळ सुरू करण्याची परवानगी मिळाली त्या दिवशी आम्ही कुणाला बोलवायचे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. सरकारने आम्हाला बंद ठेवले असे मी पुढे वर्षभर सांगत असे, पण ते अर्धेच खरे होते.

आपल्याला न्याय व्हावा म्हणून हेही सांगायला हवे की ऋतूंनी त्यांना साथ दिली. त्यांचा जुलै म्हणजे लांबलेली संध्याकाळ आणि कोरडे मैदान. 17 जुलै 2020 रोजी क्लबांचे सामने सुरू झाले तेव्हा तेथे खेळायला सर्वांत चांगले दिवस होते. आपल्याकडे त्याच दिवसांत मैदानावर घोटाभर पाणी असते, आणि जे क्लब कापणीनंतर शेतातच गोल उभारतात, त्यांच्या मैदानात तर भाताची रोपे डुलत असतात. पाऊस सरेपर्यंत चतुर्थी आली आणि त्या सप्टेंबरात गोव्यातील रुग्णसंख्या चढत होती. त्यामुळे त्यांच्या जुलैची बरोबरी आपण करू शकलो नाही याचे फार वाईट वाटून घेऊ नये. ऑक्टोबरानंतर काय केले, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारायला हरकत नाही.

त्यांचे सगळे सुरळीत झाले असेही समजू नये. सुरुवातीला मैदानावर खेळाडू धरून फक्त 200 माणसांना मुभा होती. म्हणजे दोन्ही संघ, राखीव खेळाडू, पंच आणि प्रशिक्षक वजा केले की मुलाचा सामना पाहायला आई येणार की बाप, असा प्रश्न घरात उभा राही. 18 ऑगस्टला प्रेक्षकांवर पूर्ण बंदी आली, तेव्हा मोकळ्या हवेत दूर दूर उभे राहणाऱ्यांमुळे रोग पसरतो याचा पुरावा द्या, अशी जाहीर मागणी जीएएने आरोग्य अधिकाऱ्यांकडे केली. पुढे क्लबांच्या अंतिम सामन्यांनंतर गावोगाव जल्लोष झाले, लोक गळ्यात गळे घालून नाचले, आणि 5 ऑक्टोबरला संघटनेने स्वतःच क्लबांचे सगळे सामने तत्काळ थांबवले. धोका 60 मिनिटांच्या खेळापेक्षा त्यानंतरच्या 6 तासांत अधिक होता. ज्याने चषक जिंकून आणलेल्या मुलांची ट्रकवरून काढलेली मिरवणूक पाहिली आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

आपल्या क्लबापुरते विचाराल, तर सभासदांची यादी दोन ठिकाणी ठेवावी, किल्ल्या तीन कराव्यात आणि प्रत्येक वयोगटासाठी एक पालक आत्ताच नेमून ठेवावा. साथ आली तर तोच फाटकावर उभा राहील, आणि नाही आली तरी मुलांची हजेरी घ्यायला तो उपयोगी पडेल.

प्रश्न : मी म्हापशाच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. 2020 च्या अखेरीस आयर्लंडमध्ये कडक निर्बंध असताना मोठ्यांचे आंतरपरगणा, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांच्या निवडक संघांमधले, सामने झाले आणि लहान मुलांचे सामने बंद राहिले, असे वाचले. सगळेच हौशी असतील तर हा भेद कशासाठी?

उत्तर : आपला आक्षेप तेथील अनेकांनीही घेतला होता. 21 ऑक्टोबर 2020 च्या रात्री देश निर्बंधांच्या पाचव्या, म्हणजे सर्वांत कडक पातळीवर गेला, तेव्हा परगण्यांच्या वरिष्ठ संघांना उच्च दर्जाचे खेळाडू म्हणून सूट मिळाली. एरवी उन्हाळ्यात होणारी अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी हिवाळ्यात, दिव्यांच्या प्रकाशात आणि रिकाम्या क्रोक पार्कमध्ये खेळली गेली. 13 डिसेंबरला लिमरिकने वॉटरफर्डला हरवून हर्लिंगचे आणि 19 डिसेंबरला डब्लिनने मेयोला हरवून सलग सहाव्यांदा फुटबॉलचे विजेतेपद मिळवले. घरात कोंडलेल्या लोकांना दूरदर्शनवर काहीतरी पाहायला मिळावे, हा सरकारचा हेतू उघड होता आणि मला तो गैर वाटत नाही.

त्याच सुमारास, 20 नोव्हेंबरपासून, इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचे सगळे सामने आपल्या गोव्यातच फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर प्रेक्षकांविना होत होते. परंतु ते व्यावसायिक खेळाडू होते. हॉटेलात बाहेरच्या जगापासून वेगळे राहात होते आणि त्यासाठी त्यांना मोबदला मिळत होता. आयरिश खेळाडू सामना संपवून आईवडिलांच्या घरी जेवायला जाई आणि सोमवारी वर्गात किंवा रुग्णालयात कामावर हजर होई. धोका व्यावसायिकांसारखा आणि पगार शून्य, अशी ती व्यवस्था होती. म्हणून मला वाटते की अन्याय झालाच असेल तर तो थोडा त्या मोठ्यांवरही झाला. मुलांबाबत म्हणाल, तर 2021 मध्ये आयर्लंडने निदान क्लबांच्या पातळीवर क्रम उलटा लावला. 26 एप्रिलपासून मुलांना 15 जणांच्या गटांत मैदानी सरावाची परवानगी मिळाली आणि क्लबांच्या प्रौढ खेळाडूंना 10 मेपर्यंत थांबावे लागले. आपण शाळेत आहात, म्हणून सांगतो की हा क्रम मला अधिक योग्य वाटतो. सतरा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष बुडाले तर तो खेळ सोडून देतो, तिशीतला खेळाडू मात्र कुरकुर करतो आणि परत येतो.

प्रश्न : खेळाडूंना पैसे द्यायचे नसतात, तर महामारीत या संघटनेला तोटा कशाचा झाला? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : मुख्यत्वे तिकिटांचा. 2020 साली संघटनेला एकूण 3 कोटी 41 लाख युरोंची तूट आली, आणि हिवाळी अजिंक्यपद स्पर्धा भरवता यावी म्हणून सरकारला दीड कोटी युरोंची तरतूद करावी लागली. मोठ्या सामन्यांच्या उत्पन्नातूनच खाली परगण्यांना आणि क्लबांना पैसा झिरपत जातो, त्यामुळे क्रोक पार्क रिकामे राहिले की दूरच्या फिर्गजेतील मैदानाच्या कुंपणाचे काम अडते. क्लबांचे स्वतःचे उत्पन्न वर्गणीचे आणि दर आठवड्याच्या सोडतीचे. ती तिकिटे एरवी पबात आणि दुकानांत हातोहात खपतात. पब बंद झाल्यावर अनेक क्लबांनी सोडत ऑनलाइन नेली आणि त्यामुळे परदेशी गेलेले गावकरीही ती घेऊ लागले. आपल्याकडे नाटकाच्या प्रवेशिका आणि देणगी कुपने घेऊन घरोघरी फिरणाऱ्या खजिनदारांना यातून सुचण्यासारखे बरेच आहे. फक्त कुपनांची सोडत काढण्याआधी तिला परवानगी लागते का, याची चौकशी मामलेदार कचेरीत जरूर करावी.