टेक्सासच्या प्रायमरीत प्रत्येक उमेदवार स्वतःला बंदूक-हक्कांचा समर्थक म्हणवतो. मग त्यांच्यातला फरक कसा ओळखावा?

आपण नुकतेच नागरिक झाला आहात, आयुष्यातली पहिली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, तोंडावर आली आहे आणि घरी आलेल्या पाचही पत्रकांवर ‘सेकंड अमेंडमेंटचा (शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या घटनादुरुस्तीचा) खंदा समर्थक’ हेच शब्द छापलेले आहेत, असे आपण लिहिले आहे. माझे उत्तर थोडक्यात असे, की पत्रके बाजूला ठेवावीत, बंदूक-हक्कांच्या संस्थांनी उमेदवारांना दिलेल्या श्रेणींवर विसंबू नये आणि त्या माणसाने प्रत्यक्ष विधेयकावर, त्यातही समितीत, कोणत्या बाजूने मत दिले ते शोधून काढावे. मी स्वतः एकदा केवळ श्रेणी पाहून मत दिले आहे आणि त्या मताचा सल अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

प्रथम हे स्पष्ट करतो, की मला बंदुकीचा तिटकारा नाही. कुडाळ तालुक्यात आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, कारण रानडुकरे एका रात्रीत भाताचा कुणगा लोळवून टाकत. निवडणूक जाहीर झाली की आजोबा ती बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करीत आणि मिळालेली पावती पंचांगात घालून ठेवीत. त्यात त्यांना कधी अपमान वाटला नाही. आज डॅलसच्या उत्तरेला माझ्याही घरी कुलूपबंद कपाटात एक शॉटगन आहे.

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, रॉकवॉलला राहतात. ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्यांनी पहिली बंदूक घेतली आणि आता त्यांच्याकडे सहा आहेत. २०२२ च्या वसंत ऋतूत त्यांच्याकडे जेवायला गेलो असता त्यांनी सोलकढीच्या वाटीशेजारी एक पत्रक ठेवले आणि माझ्या भागातल्या एका उमेदवाराच्या नावावर बोट टेकवून म्हणाले, “एनआरएने ए दिला आहे. आणखी काय पाहायचे?” एनआरए ही बंदूकधारकांची मोठी संघटना आणि ए ही तिची वरची श्रेणी. मीही आणखी काही पाहिले नाही. त्या ए अक्षराला चिकटून बारीक टाइपात क्यू हे अक्षर होते, हे मला पुढे कित्येक दिवसांनी दिसले. एक्यू या श्रेणीचा अर्थ असा, की या उमेदवाराची मतदानाची नोंद नाही आणि ही श्रेणी त्याने प्रश्नावलीत लिहून दिलेल्या उत्तरांवरूनच दिलेली आहे. परीक्षेला न बसता मिळालेले गुण मी प्रगतिपुस्तक समजून वाचले होते.

रनऑफचे, म्हणजे प्रायमरीत कोणालाच बहुमत न मिळाल्यास पहिल्या दोघांत होणाऱ्या फेरीचे, मतदान २४ मे २०२२ रोजी होते. सकाळीच मत देऊन मी कामावर गेलो. दुपारी टेक्सासमधल्याच युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेतल्या गोळीबाराची बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत १९ मुले आणि २ शिक्षिका गेल्याचे समजले, तेव्हा मतदान केल्याचा स्टिकर माझ्या सदऱ्यावर तसाच होता. मारेकऱ्याने अठरावा वाढदिवस होताच रायफली घेतल्या होत्या, आणि त्याही दुकानातून, कायदेशीर मार्गाने. परवानाधारक दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला तेव्हा २१ वर्षे पूर्ण लागत आणि बिअर घ्यायलाही २१ लागतात, पण रायफलला १८ पुरतात. आपल्या उमेदवाराचे याविषयी काय मत आहे, हे मत देण्यापूर्वी मला ठाऊक नव्हते. मी त्यांच्या कचेरीला पत्र लिहून विचारले, तेव्हा पत्रकावरचेच ते एक वाक्य छापील उत्तरात परत आले.

यानंतर एक वर्ष उलटायच्या आत, ६ मे २०२३ रोजी, ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला आणि आठजण मारले गेले. त्यांत तेलंगणातून आलेली एक तरुण अभियंता होती. आमच्या घरापासून तो मॉल पंधरा मिनिटांवर आहे. दिवाळीचे कपडे आम्ही तिथूनच घेतो. त्या रात्री कुडाळहून, पुण्याहून, ठाण्याहून फोन येत राहिले आणि प्रत्येकाला आम्ही सुखरूप आहोत एवढेच सांगत राहिलो.

दोनच दिवसांनी, ८ मे रोजी, राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, विधानसभेच्या समितीपुढे एचबी २७४४ हे विधेयक मतास आले. काही प्रकारच्या अर्धस्वयंचलित रायफली घेण्याचे वय १८ वरून २१ करावे, एवढीच त्यात मागणी होती. युवाल्डीचे आईबाप महिनोन्महिने त्यासाठी खेपा घालत होते. विधेयक ८ विरुद्ध ५ मतांनी पुढे गेले आणि त्या आठांत दोन रिपब्लिकन होते, सॅम हार्लेस आणि जस्टिन हॉलंड. पुढे मुदत टळल्याने ते सभागृहापुढे आलेच नाही. मात्र एक लक्षात घ्या, की त्या अधिवेशनात वयाच्या प्रश्नावर कोण कुठे उभा आहे हे कळण्याची जागा ती एकच होती. जो पूर्ण सभागृहाचीच मते पाहील, त्याला तिथे काहीही सापडणार नाही.

हॉलंड हे भावोजींचे आमदार. २०२४ च्या मेमध्ये रनऑफमध्ये ते कॅटरिना पिअरसन यांच्याकडून हरले आणि भावोजींनी त्यांच्या विरोधात मत दिले. भावोजींचे म्हणणे असे, की जो एकदा सरकला तो पुन्हा सरकेल. माझे म्हणणे त्या वेळीही असे होते आणि आजही आहे, की समोर बसलेल्या आईबापांच्या साक्षी ऐकून ज्याने स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिले, त्याने काय ऐकले हे निदान आपल्याला ठाऊक आहे. ज्याने एकाही अवघड विधेयकावर कधी मत दिलेले नाही, त्याच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही. भावोजींचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे आणि तो मी मान्य करतो. ते म्हणाले, “तुझ्या आजोबांकडे परवाना होता, म्हणजे सरकारची मेहेरबानी. इथे तो हक्क आहे.” हे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या हेलर निकालाने तो व्यक्तीचा हक्क ठरवला आणि २०२२ च्या ब्रुएन निकालाने सरकारचे हात आणखी बांधले. पण हा हक्क अमर्याद नाही, हे हेलरच्या निकालपत्रातच लिहिलेले आहे, आणि कौटुंबिक हिंसाचाराबद्दल न्यायालयाचा मनाई हुकूम असलेल्या माणसाला शस्त्र बाळगण्यापासून रोखणे २०२४ च्या रहिमी निकालात ८ विरुद्ध १ मतांनी वैध ठरले. तेव्हा ‘कुठलेही बंधन घटनाबाह्यच’ असे जो उमेदवार सभेत सांगतो, तो एकतर निकाल वाचत नाही किंवा आपण वाचले नसतील असे गृहीत धरतो.

म्हणून सभेत ‘आपण समर्थक आहात का’ असे विचारू नये. रायफलचे वय १८ की २१? खासगी विक्रीत, म्हणजे दुकानाबाहेर दोन माणसांत होणाऱ्या व्यवहारात, बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी, हवा की नको? घरात मूल असताना बंदूक उघडी राहिली तर टेक्सासमध्ये आजही तो गुन्हा आहे. तो कायदा कडक करणार, तसाच ठेवणार, की काढणार? असे विचारावे आणि उत्तर हो किंवा नाही यांत मागावे. १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन घराबाहेर वावरता येते, तेव्हा त्यावर भाषण ठोकणारा उमेदवार जिंकलेलीच लढाई पुन्हा लढतो आहे. धोकादायक माणसाचे शस्त्र न्यायालयामार्फत तात्पुरते काढून घेण्याच्या रेड फ्लॅग हुकमांविरुद्धही राज्याने २०२५ मध्ये कायदा केला आहे, म्हणून तो प्रश्न काँग्रेसच्या, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय कायदेमंडळाच्या, उमेदवाराला विचारलेला बरा. काँग्रेसच्या उमेदवारांबाबत जून २०२२ च्या बंदूक-सुरक्षेच्या द्विपक्षीय कायद्यावरचे मत पाहावे. त्या कायद्याच्या वाटाघाटी केल्याबद्दल सिनेटर जॉन कॉर्निन यांची ह्यूस्टनच्या पक्ष-अधिवेशनात हुर्यो उडवली गेली, आणि त्याला मत देणारे युवाल्डीचे तेव्हाचे प्रतिनिधी टोनी गोन्झालेस २०२४ च्या रनऑफमध्ये बंदुकांचे व्हिडिओ करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे पाचशेहून कमी मतांनी वाचले.

राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकला की समितीतली मतेही दिसतात. ज्यांची नोंदच नाही अशा नवख्या उमेदवारांसाठी माझ्याकडे भरवशाची रीत नाही. त्यांना पैसा कोण देतो ते पाहावे, एवढेच सुचवतो.

हॉलंड यांच्या पराभवाला बंदूक हे एकच कारण नव्हते, हेही सांगायला हवे. राज्याचे त्या वेळचे ॲटर्नी जनरल पॅक्स्टन यांच्यावरील महाभियोग आणि खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसा देणाऱ्या व्हाउचरचा वाद हेही त्यात होते आणि भावोजींनी मत देताना ते धरले होते, असे ताई सांगते. तसेच आपले मत माझ्या उलट असेल, वय १८ च राहावे असे आपल्याला वाटत असेल, तरी समितीतले मत पाहण्याची रीत तीच राहते. तिचा उपयोग भावोजींनी माझ्यापेक्षा चांगला केला, हे मला कबूल करावे लागते.

मतदार म्हणून नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी झालेली असावी. मार्चमध्ये ज्या पक्षाची मतपत्रिका घ्याल, त्याच पक्षाच्या रनऑफमध्ये मेमध्ये मत देता येते. मार्चला मत दिलेच नसेल, तर मेमध्ये कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका घेता येते.