हेलिकॉप्टरच्या पात्याला टेप कशाला, सरळ पत्रा का नाही बसवत?

दादा, सभेला आलेल्या हेलिकॉप्टरच्या पात्याच्या धारेला काळी टेप दिसली, एवढ्या महागड्या मशीनला टेप का, असं तुम्ही विचारलंय. मी 14 वर्षं हेलिकॉप्टरच्या मेन्टेनन्सला होतो, त्यातली बरीचशी राजस्थानात गेली, आता सोलापुरातच असतो, म्हणून सांगतो.

पत्रा असतोच की. बहुतेक पात्यांच्या लीडिंग एजला, म्हणजे हवा कापणाऱ्या पुढच्या धारेला, स्टील, टायटॅनियम नाहीतर निकेलची पट्टी असते, टेप तिच्यावरून मारतात. पात्याचं टोक ताशी 700 किलोमीटरच्या वर पळतं, त्या वेगाला पावसाचा थेंब हातोडीसारखा बसतो आणि तो मार धातूच सोसतो. वाळूचं उलटं आहे, वाळूतलं क्वार्ट्झ टायटॅनियमपेक्षा कडक, ते धातू खरवडून खातं, रात्री तर त्याच्या ठिणग्यांचं कडं दिसतं. पॉलियुरेथेनची टेप मऊ रबरासारखी, वाळूचा कण तिच्यावर आपटून उडून जातो, पण पावसाचा मारा सुरू झाला की तीच टेप फुगते, फाटते. दोन्हीला पुरून उरेल असा एकच इलाज मला तरी कुठं दिसला नाही.

एकदा अवकाळी पावसातून मशीन परत आलं, उतरतानाच शिट्टी वाजल्यासारखा आवाज, पायलट म्हणाला व्हायब्रेशन येतंय. बघतो तर एका पात्याच्या टोकाला वीतभर टेप उठलेली. आम्ही समोरच्या पात्याचीही काढली, कारण टोकाला थोड्या ग्रॅमचा फरक पडला तरी सगळं मशीन थरथरतं. तेव्हापासून रोज सकाळी मी धारेवरून तळहात फिरवायचो, डोळ्याला न दिसणारा खरखरीतपणा हाताला आधी कळतो.

ही टेप अमेरिकेनं व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरला वापरली, आज लोक नव्या गाडीचा रंग वाचवायला पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) मारून घेतात ते याच टेपचं पोरगं.

आणि एक कळकळीनं सांगतो, पाती सगळ्यात जास्त झिजतात ती उतरताना न् उडताना, खालची धूळ वर उठते आणि फिरून पात्यातच येते. आपल्याकडं हेलिपॅडला मुरूम टाकतात, टँकरनं फक्त मशीन उतरायच्या, मधे एच (H) काढलेल्या गोलातच पाणी मारतात आणि बाजूची भुकटी तशीच राहते, उन्हाळ्यात तर ती पिठासारखी उडते. गोलाच्या बाहेरही चांगलं लांबपर्यंत मारा, रोलर फिरवा, आणि मशीन यायच्या बऱ्याच आधी मारा म्हणजे चिखल होणार नाही.