फायबरग्लास बोटीवर वेकबोर्ड टॉवर घरी स्वतः बसवता येतो का?

हो, येतो, पण या टॉवरचे, म्हणजे बोटीमागे फळीवर उभ्या वेकबोर्डरला ओढणारी दोरी ज्याला बांधतात त्या उंच चौकटीचे, पाय जिथे बसणार तिथे बोटीच्या काठाखाली आतून हात आणि पाना पोचत असेल तरच. मी फायबरग्लास बोटींची दुरुस्ती करतो. टॉवरच्या पायाशी चिरा दिसल्या की बहुतेक वेळा आत बॅकिंग प्लेट (ताण पसरवणारी आधाराची पट्टी) नसते. दोरीचा सगळा ताण त्या पायांवर येतो, म्हणून स्क्रू नकोतच. आरपार 316 ग्रेडचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घ्या आणि आतून पायापेक्षा मोठी, जाड ॲल्युमिनियमची प्लेट लावा. भोक पाडण्याआधी टॉवर उभा करून दोन्ही बाजूंची मापं ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या भिंतीपासून) ताडून पाहा, इथे घाई अजिबात करू नका. मास्किंग टेप लावून ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवा आणि भोकाची कड थोडी उतरती करा, म्हणजे जेलकोट (फायबरग्लासवरचा बाहेरचा चकचकीत थर) तडकत नाही. आत लाकडाचा गाभा निघाला तर भोक मोठं करून इपॉक्सीने भरा आणि ते घट्ट झाल्यावर पुन्हा पाडा, नाहीतर पाणी शिरून गाभा कुजतो. शेवटी मरीन सीलंट. मात्र टॉवर कितीही पक्का बसला तरी त्याला ट्यूब (बसून ओढत न्यायचा हवा भरलेला तराफा) बांधू नका. ती पाण्यात रुतली की बसणारा झटका वेकबोर्डरच्या ओढीपेक्षा फार मोठा असतो.