रातचं ओलित आणि कॉफी

प्रिय लेकरा,

कॉफी उद्यापासून बंद, असं तू ठरवलंस. जरा दम धर. या आठवड्यात तुमच्या फीडरला पंपाची लाईन रातची आहे. रातभर हरभऱ्याला पाणी द्यायचं, सकाळी अभ्यासिकेत जाऊन बसायचं आणि त्यातच कॉफीही सोडायची, हे जमणार नाही. दिवसाच्या लाईनचा आठवडा येऊ दे, मग हात घाल.

तोवर आत काय चालतं ते समजून घे. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत राहतं. ते मेंदूतल्या त्याच्या ठरलेल्या जागेवर बसलं की झोप येते. कॅफिन म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. जागा अडते, पण उभं पब्लिक काही उतरत नाही. रुमाल उचलला की सगळे एकदमच बसतात. पहाटे धुऱ्यावर तुझं अंग गळून जातं, ते यामुळंच. शिवाय साधारण पाच तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं. रातच्या दहाला कॉफीचा मग रिचवला, तीनला मोटार बंद करून खाटेवर पडलास, तर डोळा कसा लागेल?

एकदम सोडलं की 12 ते 24 तासांत डोकं धरतं, बहुतेकांना दुसरा दिवस फार जड जातो. चिडचिड होते, पुस्तकात मन लागत नाही. आठ-नऊ दिवसांत हे निवळतं. म्हणून पावडर दर दोन-तीन दिवसांनी थोडी कमी कर, आणि पहिला नंबर रातच्या मगाचा लाव. दुकानातल्या पुडीवर कॉफी किती, चिकोरी किती ते छापलेलं असतं. चिकोरीत कॅफिन नसतं. डोकेदुखीच्या गोळीचं पाकीटही वाच, काही गोळ्यांत कॅफिन असतं. सोडलेलं मागच्या दारानं घरात यायला नको. आणि हा उद्योग मे महिन्यावर ढकलू नकोस. आपल्याकडच्या उन्हात डोकं दुखलं तर ऊन लागलं की कॉफी सुटली, हे कळायचं नाही. तेव्हा आधी उन्हाचाच उपाय करायचा.

कॉफी काही विष नाही. धडधाकट माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत सहसा धोका नसतो. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, तिला का शिव्या द्यायच्या? तुझी झोप मोडते, एवढ्यासाठीच हे सगळं.

खरी अडचण चहाची. त्यातही कॅफिन असतं, कॉफीपेक्षा कमी, पण दिवसात सहा घरी गेलास की हिशेब तोच. आणि गावात चहाला नाही म्हणणं सोपं नसतं. ‘आमच्या घरचा चालत नाही का?’ असं कोणी विचारलं, तर त्या प्रश्नामागं किती पिढ्यांचं दुखणं आहे ते तुला सांगायला नको. तिथं कॅफिनचं व्याख्यान देऊ नकोस. आधी पाणी मागून पी, बस, मग ‘मावशी, अर्धाच द्या’ म्हण. टपरीवर मात्र खुशाल नाही म्हण, दोस्त चार दिवस चिडवतील आणि विसरतील. तेरवीच्या घरी जे हातात येईल ते मुकाट्यानं पिऊन घे.

तुझा,
काका