घरी विमान बांधताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सुटे भाग मागवून स्वतःच्या हाताने जोडता येणाऱ्या किट विमानांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरी करून मी नुकताच निवृत्त झालो. वागळे इस्टेटमध्ये माझ्या मेहुण्यांचा एक गाळा रिकामा आहे. दोन आसनांच्या, धातूच्या विमानाचे किट मागवून ते तिथे बांधावे असे फार दिवसांपासून मनात आहे. हे मुंबई परिसरात शक्य आहे का आणि सुरुवात कुठून करावी? कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर तयार झालेले विमानही असेच किट होते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत बांधलेले सहा आसनी विमान किट नव्हते. त्याची रचनाच त्यांची स्वतःची होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात झालेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले, त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी हाती येईपर्यंत २०१९ उजाडले. किट घेणाऱ्याच्या मागे रचना सिद्ध करण्याचे ओझे नसते, कारण त्याच नमुन्याची इतर विमाने आधीपासून उडत असतात. मात्र कागदपत्रांचा रस्ता त्यालाही चुकत नाही, आणि म्हणून माझा आग्रह असा आहे की किटचे पैसे भरण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मुंबई कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर मिळवावे. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. त्यामुळे एखाद्या मित्राने दहा वर्षांपूर्वी जमवलेल्या फाइलवर विसंबून राहू नये. अमेरिकेतील ‘५१ टक्के’ नियम, म्हणजे निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्याने स्वतः केलेले असावे ही अट, आपण वाचली असेल. तो नियम तिथला आहे आणि त्याच्या आधारे इथे परवानगी मागता येत नाही. तरीही त्यातली एक सवय उचलण्यासारखी आहे : कामाची रोजची वही ठेवावी आणि पत्रा बंद होण्यापूर्वी आतल्या प्रत्येक जोडाचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला बंद पंखाच्या आत डोकावता येत नाही, त्या वेळी ही वहीच आपल्या बाजूने बोलते.

दुसरी चौकशी धावपट्टीची. जुहूचा विमानतळ १९२८ चा आणि १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले तेही तिथेच, त्यामुळे मुंबईकर हौशी माणसाचे मन साहजिकच जुहूकडे ओढ घेते. आज मात्र तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरची ये-जा असते, शेजारीच देशातील अतिशय गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे आणि चारी बाजूंनी दाट वस्ती आहे. नव्या, न उडालेल्या विमानाची पहिली चाचणी अशा ठिकाणी घेण्याचा विचारही करू नये. मुंबईबाहेरची एखादी धावपट्टी, तिथे विमान ठेवायला हँगर आणि गाळ्यापासून तिथपर्यंत पंख उतरवून ट्रकने नेण्याची सोय, या तिन्ही गोष्टी आधी ठरवाव्यात.

आता प्रत्यक्ष काम. पंख सोडता-जोडता येतील आणि बहुतांश जोड पुल रिव्हेटचे, म्हणजे एकाच बाजूने ओढून बसवायच्या पोकळ रिव्हेटचे, असतील असे किट निवडावे. भरीव रिव्हेट ठोकण्याच्या गनचा आवाज शेजारच्या गाळेवाल्यांना असह्य होतो आणि त्या कामाला बऱ्याचदा समोरून पोलादी ठोकळा धरणारा दुसरा माणूस लागतो. पुल रिव्हेट एकट्याने आणि शांतपणे बसवता येतो. झेनिथ कंपनीची विमाने आणि व्हॅन्स कंपनीचे आरव्ही-१२ या प्रकारात मोडतात. अशा किटसाठी ५०० ते ९०० तासांचे काम धरावे. आठवड्याला दहा तास दिले तर हे एक वर्ष ते पावणेदोन वर्षांचे काम होते, आणि नवख्याला त्याहून अधिक वेळ लागला तर त्यात काही वावगे नाही.

संपूर्ण किट एकदम मागवू नये. प्रथम केवळ शेपटीचा उभा सुकाणू मागवावा. झेनिथ तो स्वतंत्रपणे विकते आणि त्यात पुढच्या कामाचे जवळजवळ सगळे धडे येतात : पत्र्याला भोके पाडणे, क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिनांनी पत्रे तात्पुरते धरून ठेवणे, सगळे सुटे करून भोकांच्या कडा साफ करणे, प्रायमर मारणे आणि मग रिव्हेट बसवणे. पाहुण्याला यातले कडा साफ करण्याचे काम क्षुल्लक वाटते, पण टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या आपल्याला त्याचे मोल सांगायला नको. ड्रिल बाहेर येताना भोकाच्या कडेला जी बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कंगोरी, राहते, तिच्या टोकाशी ताण साठतो आणि पंख वर्षानुवर्षे थरथरत असताना चीर तिथूनच सुरू होते. बर काढताना कड खोल खरवडली जाणार नाही एवढेच बेताने फिरवावे आणि नखाने चाचपून पाहावे. कडांचे महत्त्व किती, याचे उदाहरण खुद्द व्हॅन्सचे आहे. त्यांच्या काही भागांची भोके पंचऐवजी लेसरने पाडली गेली, त्या भोकांभोवती रिव्हेटचे डोके बसण्यासाठी खळगा दाबताना कडेला चिरा जाऊ लागल्या, आणि हा प्रश्न व इतर अडचणी मिळून इतक्या वाढल्या की डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावे लागले. त्यातून ती पुढे सावरली. तरी हप्त्याहप्त्याने, भाग हाती येतील तसे पैसे भरणे शहाणपणाचे, हा धडा त्यात आहेच.

मुंबईकराला आणखी एक काम जास्तीचे आहे. कोरड्या हवेच्या प्रदेशात काही जण आतला पत्रा उघडाच ठेवतात. आपल्याकडे चार महिन्यांचा पावसाळा आणि वर्षभराची खारी हवा असल्यामुळे एकमेकांवर बसणारी प्रत्येक बाजू इपॉक्सी प्रायमरने झाकलीच पाहिजे, नाहीतर जोडाच्या आत गंजाची पांढरी भुकटी धरू लागते आणि ती बाहेरून दिसतही नाही. हे काम ऐन पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत इपॉक्सी नीट धरत नाही. झिंक क्रोमेटचे जुने प्रायमर विषारी असते, बंद गाळ्यात ते मुळीच मारू नये.

प्रश्न : नागदेवी स्ट्रीटला उत्तम प्रतीचे हाय टेन्साइल बोल्ट मिळतात, तेही परदेशी बोल्टच्या किमतीच्या अल्प अंशात. किटमधला एखादा बोल्ट हरवला तर तिथला का वापरू नये?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि ‘तो कमी मजबूत असतो’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर बरोबर नाही. विमानांसाठी ठरलेल्या ‘एएन’ या अमेरिकी प्रमाणाच्या मालिकेतील पोलादी बोल्टची ताणशक्ती सुमारे ८६० मेगापास्कल असते, तर बाजारातला १०.९ ग्रेडचा बोल्ट १,००० मेगापास्कलच्या पुढे जातो. फरक दुसरीकडे आहे. एएन बोल्टचा आटे नसलेला गुळगुळीत भाग अष्टमांश इंचाच्या टप्प्यांनी वेगवेगळ्या लांबीत मिळतो, म्हणजे जोडाच्या जाडीइतकाच दांडा भोकात राहतो आणि आटे बाहेर पडतात. बाजारातल्या बोल्टचे आटे बऱ्याचदा भोकातच येतात. तिथे ते ॲल्युमिनियमला कानशीसारखे घासतात आणि कातरणारा भार नेमक्या आट्याच्या खाचेवर पडतो. एएन बोल्टवर कॅडमियमचा मुलामा असतो, तो ॲल्युमिनियमशी जुळवून घेतो. उलट, गंजू नये म्हणून चांगल्या हेतूने लावलेला स्टेनलेसचा स्क्रू खाऱ्या हवेत भोवतालचा ॲल्युमिनियमच खाऊ लागतो. आणि शेवटी, अस्सल बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते आणि सोबत तो कुठून आला हे सांगणारा कागद असतो. कागद नसेल तर खूण दिसूनही तो बोल्ट घेऊ नये.

नागदेवीचा उपयोग अवजारांसाठी मात्र जरूर करावा. व्हाइस, कानशी, रिव्हेटर, कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र असलेला टॉर्क रेंच, हे सारे तिथे चांगले मिळते. ड्रिल घेताना जपावे : अष्टमांश इंची रिव्हेटला ‘नंबर ३०’ ड्रिल लागते, ते ३.२६ मिलिमीटरचे. सहज मिळणारे ३.२ चे ड्रिल घट्ट पडते आणि ३.५ चे सैल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. लहान विमानांचे रोटॅक्स ९१२ इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालते असे वाचले. मग ते आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर चालवता येईल का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आज नाही. रोटॅक्सची मान्यता १० टक्के इथेनॉलपर्यंतच्या पेट्रोलला आहे आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले किंवा इंधन थंड झाले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी तळाजवळच असते. मोटार अशाने रस्त्याच्या कडेला थांबते. विमानाला ती सोय नाही. शिवाय काही रबरी नळ्या, टाकीचे सीलंट आणि फायबरच्या टाक्या इथेनॉलने मऊ पडतात.

पर्याय विमानाच्या पेट्रोलचा, म्हणजे ॲव्हगॅस १०० एलएलचा. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते देशात, गुजरात रिफायनरीत तयार करायला सुरुवात केली. त्यात शिसे असते आणि ते रोटॅक्सच्या तेलात गाळ धरते, म्हणून तेल आणि तेलाचा फिल्टर अधिक वेळा बदलावा लागतो. तो खर्च आनंदाने सोसावा.

प्रश्न : माझे यजमान गेली काही वर्षे मित्रांसोबत किट विमान बांधत आहेत आणि ते आता पूर्ण होत आले आहे. मला यंत्रातले काही कळत नाही, पण पहिल्या उड्डाणाची धास्ती वाटते. मी त्यांना नेमके काय विचारावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपली धास्ती योग्य जागी आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये हौशी बांधणीच्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजिन व इंधनपुरवठा बंद पडणे आणि हवेत ताबा सुटणे ही दोन कारणे पुढे आली, आणि अपघात मोठ्या प्रमाणात विमानाच्या सुरुवातीच्या काळात होतात असेही दिसले. आपले प्रश्न याच दोन ठिकाणी रोखलेले असावेत.

पहिले विचारावे, ‘इंधनाच्या प्रवाहाची चाचणी घेतली का, आणि मी ती पाहू शकते का?’ ही चाचणी जमिनीवर होते आणि कोणालाही समजते. विमान चढणीवर जसे नाक वर करते तसे ते टेकू लावून तिरके ठेवतात, टाकीत थोडेच इंधन ठेवतात, इंजिनाकडे जाणारी नळी सोडून मापाच्या भांड्यात धरतात आणि घड्याळ लावतात. केवळ उतारावरून येणाऱ्या इंधनाचा प्रवाह इंजिनाच्या उड्डाणावेळच्या गरजेच्या दीडपट हवा, पंपाने येणाऱ्याचा सव्वापट. १०० अश्वशक्तीच्या रोटॅक्सला उड्डाणावेळी तासाला सुमारे २७ लीटर लागतात. म्हणजे पंपाशिवाय लीटरचे भांडे दीड मिनिटात भरले पाहिजे. दोन मिनिटे लागली तर दोष सापडेपर्यंत विमान हलवू नये. ही चाचणी विमान बंद उभे असताना होते आणि तिला पेट्रोलखेरीज काही खर्च नाही, तरीही घाईत ती राहून जाते. म्हणून आपण स्वतः उभे राहून ती करून घ्यावी. जवळ अग्निशामक असावा आणि वीज बंद असावी.

दुसरे, वजन आणि तोल. तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून केलेल्या मोजणीचा कागद मागावा आणि त्यावर बाहेरच्या जाणकाराची सही आहे का ते पाहावे. तोल मर्यादेपेक्षा मागे गेला असेल तर हवेत विमान सावरणे कठीण होते.

तिसरा प्रश्न विचारायला अवघड आहे, पण तो पत्नीनेच विचारावा : पहिले उड्डाण कोण करणार? ज्याने इतकी वर्षे खपून विमान बांधले त्याला ते स्वतः उडवावेसे वाटणारच, आणि त्या इच्छेचा मान राखला पाहिजे. परंतु बांधकामात गुंतलेल्या माणसाचे स्वतःचे उड्डाण याच काळात मागे पडते. त्याच प्रकारच्या विमानावर प्रशिक्षकासोबत अलीकडे पुरेसे तास झाले असतील तरच त्यांनी जावे. नसतील तर तशा विमानाचा अनुभव असलेल्या वैमानिकाने पहिले उड्डाण करावे आणि त्यांनी जमिनीवरून पाहावे. कोणीही गेले तरी दुसरे आसन रिकामे राहिले पाहिजे. मित्र, मुलगा किंवा आपण, कोणीही त्यात बसू नये, आणि पुढच्या चाचणी उड्डाणांतही विमान चालवायला ज्याची गरज नाही त्याने बसू नये. तारीख आधी जाहीर करून पाहुण्यांना बोलावू नये, कारण जमलेल्या लोकांसमोर ‘आज वारा बरोबर नाही’ असे म्हणणे भल्याभल्यांना जड जाते.