मंदीत पेंट बूथसाठी फ्लॅट तारण ठेवू का?

नमस्कार. तुमच्या पत्राचा गोषवारा आधी देतो. भांडुपला एलबीएस मार्गालगत तुमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, जागा अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. जीएसटी सोडून महिन्याचं बिलिंग ४ लाख २० हजारांवरून २ लाख ९० हजारांवर आलंय. भाडं ४५ हजार, पाच जणांचे पगार १ लाख २० हजार, वीज आणि किरकोळ १५ हजार. घर पत्नीच्या पगारावर चालतं. बँक डोंबिवलीच्या फ्लॅटच्या तारणावर १२ लाख द्यायला तयार आहे. त्यातून पेंट बूथ (गाडी रंगवायची बंद, धूळरहित खोली) बसवून विमा कंपन्यांच्या कॅशलेस यादीत, म्हणजे ज्या गॅरेजला कंपनी थेट बिल देते त्यांत, शिरायचा तुमचा विचार आहे. पत्नी म्हणतात, कर्ज नको, सहा लाखांची एफडी मोडू आणि दिवस काढू.

माझं उत्तर: बूथ आत्ता नको. आणि एफडीही मोडू नका.

तुमच्या वह्यांप्रमाणे रंग, पुट्टी, सुटे भाग यांत बिलाचे ४५ टक्के जातात, हातात ५५ उरतात. २ लाख ९० हजारांवर उरतात १ लाख ५९ हजार ५००, ठरलेला खर्च १ लाख ८० हजार. म्हणजे दरमहा २० हजार ५०० ची खोट. ती भरून निघायला बिलिंग ३ लाख २७ हजार हवं. आता १२ लाख, १२ टक्के, पाच वर्षं धरा. हप्ता साधारण २६ हजार ७०० चा. मग ना नफा ना तोटा गाठायलाच पावणेचार लाखांच्या वर जावं लागतं, बूथचं डिझेल आणि फिल्टर वेगळेच. एक पॅनल, म्हणजे दरवाजा किंवा बॉनेटसारखा गाडीचा एक भाग, रंगवायचे साडेतीन हजार धरले तर खोट थांबवायला महिन्याला अकरा पॅनल जास्त हवेत, बँकेसाठी आणखी चौदा. आज तुमचे पेंटर दुपारनंतर मोकळे बसतात. बूथ रंगाचा दर्जा आणि वेग वाढवतो, पण दारात गाडी आणत नाही. कॅशलेस यादीत नाव लागलं तरी महिन्याला इतक्या गाड्या पाठवू असं कुणी लिहून देत नाही. लेबरचे दर मात्र पाडून मागतात.

शिवाय अकरा महिन्यांच्या जागेत बूथ म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत विहीर खणणं. पाया, डक्ट, चिमणी काही उचलून नेता येत नाही. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि वाढीव भाराचा स्थिर आकार गाडी नसली तरी बिलात येतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमनाची पूर्तता, मागच्या सोसायटीची वासाची तक्रार, हे सगळं कोटेशनमध्ये नसतं.

मंदीत काम कुठून येतं ते बघा. ज्याला ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात सूट) आहे आणि ज्याचा बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता) ९ हजार आहे, तो आज साडेचार हजार भरतो. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा ५०. प्रीमियम तेवढाच धरला तर या पाच वर्षांत त्याचे ११ हजार २५० जादा जातात. वर प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (तेवढे पैसे कंपनी देत नाही), रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला किमान हजार रुपये खिशातून. झीरो डेप (घसारा न कापण्याची जादा सोय) नसेल, तर दहा-अकरा हजारांच्या आतलं काम रोखीनं करणंच ग्राहकाच्या फायद्याचं. हा हिशेब काउंटरवर कागदावर मांडून दाखवा. दरवाज्याचा डेंट, फाटलेला बंपर बदलण्याऐवजी वेल्ड करून देणं, एका पॅनलचा रंग: हे रोखीचं काम आहे आणि त्याला बूथ लागत नाही.

लागतं ते एवढंच, की रंग परत येऊ नये. एक पॅनल पुन्हा करावं लागलं तर त्याची कमाई जातेच, पुढच्याचीही जाते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेतून पाणी येतं; पीयू हार्डनरमधला (रंग कडक करणाऱ्या द्रवातला) आयसोसायनेट त्या ओलाव्याशी प्रक्रिया करतो, वायू सुटतो आणि क्लिअरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, टाचणीएवढी भोकं पडतात. त्यासाठी एअर ड्रायर, चांगला वॉटर सेपरेटर आणि क्लिअर सुकवायला एक इन्फ्रारेड लॅम्प घ्या. दीड लाखाच्या वर जाऊ नका. हार्डनरचे लहान डबे आणा, उघडा डबा दमट हवेत लवकर कामातून जातो.

आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट, जी तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलीय. एका टॅक्सी फ्लीटवाल्याकडे जीएसटीसह ३ लाख ४० हजार सत्तर दिवसांपासून अडकलेत. यातले जवळपास ५२ हजार जीएसटीचे, ते तुम्ही पदरचे सरकारला भरून बसलात. ही एक उधारी आली तर आजची खोट सोळा महिने भागते. बँकेआधी इथे जा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर पुढच्या बिलांसाठी करा, फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. मुदतीत न दिल्यास प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही. हे एका साध्या पत्रात कळवा, थकबाकीची सरकारी पोर्टलवर तक्रार नंतर. नवीन गाडी त्याच्याकडून घ्यायची तर अर्धे पैसे आधी.

एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही वापरलेल्या रकमेवरच. मर्यादा अडीच लाख ठेवा, पुढे पत्नीच्या सहीशिवाय नाही. ही मर्यादा संपत आली आणि बिलिंग सव्वातीन लाखांखालीच असेल, तर एक पगार कमी करण्याचा निर्णय घ्यावा लागेल. रंग जुळवणारा पेंटर मात्र सोडू नका. त्याला ठोक पगार थोडा कमी आणि वर पॅनलमागे रक्कम, असं बोलून बघा.

बूथचा विषय पुन्हा काढायचा तर दोन गोष्टी हातात हव्यात: जागेचा किमान तीन वर्षांचा नोंदणीकृत करार आणि सलग चार महिने पावणेचार लाखांच्या वर बिलिंग. तेव्हाही फ्लॅट तारण ठेवू नका, सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी निधीच्या) हमीवर कर्ज मागा.

आणि जूनच्या आत गॅरेजची पॉलिसी काढून वाचा. आत उभ्या असलेल्या ग्राहकांच्या गाड्या पूर आणि आगीसाठी त्यात धरल्यात का ते पाहा. नसतील तर एजंटाकडून लेखी जोडून घ्या.